छोट्या बॉडीच्या अकूस्टिक गिटारींचा टोन कसा ताडून बघायचा: गोव्यातल्या नवीन मंडळींसाठी

पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठल्याही गिटारच्या दुकानात शिरा, भिंतीवर ड्रेडनॉट, म्हणजे नेहमीच्या मोठ्या बॉडीच्या गिटारीच जास्त दिसतात आणि छोट्या बॉडीची एखाददुसरी कोपऱ्यात असते. नवीन माणूस आधी मोठी वाजवतो, कानात तिचा बेस भरून राहतो, मग लगेच छोटी हातात घेतो आणि म्हणतो ही तर पातळ वाजते, आणि परत ठेवून देतो. असं बघून छोट्या गिटारचं काहीच कळत नाही. छोटीला छोट्याच गिटारींशी ताडून बघायचं, आणि तेही असं की शेवटी जो फरक ऐकू येईल तो फक्त गिटारचा असेल, तारांचा नाही, खोलीचा नाही, कुठली जोरात वाजली त्याचा नाही. हे जमवायला थोडी तयारी लागते, पण एकदा केली की पुढे कायम कामाला येते.

मी बोटांनी वाजवतो, जास्त करून घरी भावगीतांना साथ करतो, म्हणून माझं मत त्या बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगून ठेवतो. तुम्ही पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) घेऊन जोरात स्ट्रमिंग करणारे, म्हणजे सगळ्या तारा एकदम वाजवणारे असाल तर पायरी ५ मधला शेवटचा भाग जास्त लक्ष देऊन वाचा.

१. आधी मापं समजून घ्या

छोट्या गिटारींची जी नावं आज बहुतेक कंपन्या वापरतात ती अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीकडून आलेली आहेत, कंपनी १८३३ पासूनची. यात शून्य जितके जास्त तितकी बॉडी मोठी. एका शून्याची ओ म्हणजे खालच्या फुगीर भागाची रुंदी साडेतेरा इंच, डबल-ओ साधारण १४.३, ट्रिपल-ओ १५, आणि ड्रेडनॉट साधारण १५.६ इंच. गिब्सनची एल-डबल-ओ पावणेपंधराच्या आसपास. ट्रिपल-ओ आणि ड्रेडनॉटमध्ये आकड्यात फरक फार दिसत नाही, पण ड्रेडनॉटला कंबर जवळजवळ नसते आणि ती खोलही जास्त असते, त्यामुळे आत हवा बरीच जास्त मावते. पार्लर हे नेमकं माप नाहीये, छोट्या कुठल्याही गिटारला लोक पार्लर म्हणतात, म्हणून ऑनलाइन जाहिरातीत पार्लर लिहिलेलं दिसलं तर रुंदी विचारून घ्या.

रुंदीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्केल लेंथ, म्हणजे नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (बॉडीवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारेची वाजणारी लांबी. ओएम (ऑर्केस्ट्रा मॉडेल) आणि ट्रिपल-ओ यांची बॉडी एकच, पण ओएमची स्केल २५.४ इंच आणि जुन्या पद्धतीच्या ट्रिपल-ओची २४.९. ओएम १९२९ मध्ये आली, पेरी बेक्टेल नावाच्या बँजोवादकाला बॉडीबाहेर १४ फ्रेट (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) असलेली गिटार हवी होती त्यातून. इथे एक सापळा आहे, काही ट्रिपल-ओ आज २५.४ च्या स्केलनेही येतात, म्हणून नावावर जाऊ नका, नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. साधारण ३२.३ सेंटीमीटर आलं तर लांब स्केल, ३१.६ आलं तर आखूड.

अर्ध्या इंचाने काय फरक पडतो असं वाटेल. त्याच तारा, तोच सूर, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे २५.४ वरून २४.९ वर आलात की ताण सुमारे ४ टक्के कमी, आणि २४ वर आलात तर जवळपास ११ टक्के कमी. बोटाला ते लगेच कळतं, कानाला तार थोडी मऊ, गोल वाटते. लांब स्केलला सूर जास्त ताठ आणि सुटासुटा येतो.

तिसरी गोष्ट, मान बॉडीला १२ व्या फ्रेटवर जुळते की १४ व्या. बाराव्यावर जुळत असेल तर ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा अडकवायची लाकडी पट्टी, खालच्या फुगीर भागाच्या मधल्या बाजूला सरकतो, तिथे टॉप, म्हणजे पुढची फळी, जास्त मोकळेपणाने हलतो आणि आवाज भरीव, उबदार होतो. वरचे फ्रेट मात्र हाताला अवघड जातात. छोट्या बॉडीला बाराव्यावरची जोडणी मला फार शोभते असं वाटतं, भावगीताच्या साथीला तर नक्कीच.

२. बरोबर काय न्यायचं

- एकाच ब्रँडचे, एकाच गेजचे, म्हणजे जाडीचे, तारांचे दोन नवीन सेट (सगळ्यात बारीक तार .०१२ इंचाची असलेला लाइट सेट चालेल, पण आधी गिटारला तो झेपतो का ते विचारा, जुन्या किंवा फार नाजूक पार्लरला .०११ बरा)
- क्लिपचा ट्यूनर आणि तार गुंडाळायचा वाइंडर
- मापाची टेप आणि अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पट्टी
- छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता दाखवणारा
- तुमचा नेहमीचा पिक
- फोन, आणि कानावर बसणारे वायरवाले हेडफोन
- वही
- वाजवता येणारा एक मित्र किंवा मैत्रीण, याला पर्याय नाही

३. दोन्ही गिटारी एका पातळीवर आणा

सगळ्यात मोठा घोळ तारांचा. दुकानातल्या गिटारवरच्या तारा कधीच्या आहेत ते कोणालाच ठाऊक नसतं, आणि आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत त्या लवकर काळ्या पडतात. एका गिटारवर ताज्या तारा आणि दुसरीवर गंजलेल्या असतील तर ताजी तारवाली गिटार जिंकणारच, मग ती अर्ध्या किमतीची का असेना. फॉस्फर ब्राँझ आणि ८०/२० ब्राँझ यांच्यातही फरक आहे, ८०/२० सुरुवातीला जास्त चकचकीत, फॉस्फर ब्राँझ जरा गोल. कोटेड (वरून पातळ थर दिलेल्या) आणि साध्या तारांची तुलना तर करूच नका. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा, तारांचे पैसे मी देतो, दोन्ही गिटारींवर सारख्या चढवून द्याल का. गिटारच्या किमतीपुढे दोन सेट काहीच नाहीत, आणि गिऱ्हाईक खरंच घेणार आहे हे दिसलं की बहुतेक दुकानदार तयार होतात. नव्या तारा ताणून, परत परत ट्यून करून स्थिर झाल्यावरच ऐका. ट्यूनिंग दोन्हींवर ए ४४० ला, म्हणजे ए सूर ४४० हर्ट्झ धरून.

मग ॲक्शन, म्हणजे बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे. सगळ्यात जाड ई तारेखाली साधारण सव्वादोन ते अडीच मिलिमीटर, सगळ्यात बारीक ई तारेखाली पावणेदोनच्या आसपास असेल तर ठीक. एका गिटारची ॲक्शन फार खाली असेल तर जोरात वाजवल्यावर तार फ्रेटला लागते आणि तुम्ही म्हणता हिच्यात दम नाही. दम आहे, फक्त सेटअप वेगळा आहे. मोजून वहीत लिहा.

आता आर्द्रता. इथे पुण्या-बेंगळुरूच्या लोकांचे सल्ले आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. गिटार बनवणारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता धरून बनवतात, आणि आपल्याकडे जूनपासून चवथ होऊन जाईपर्यंत हायग्रोमीटर कित्येक दिवस ८० च्या वरच असतो. लाकूड पाणी ओढतं, टॉप फुगतो, ब्रिजमागे पोट येतं, ॲक्शन वर चढते, आणि आवाज कोंदट, बसका होतो. सॉलिड, म्हणजे अख्ख्या लाकडाच्या गिटारला हे जास्त होतं, लॅमिनेटला, म्हणजे प्लायसारखे थर चिकटवलेल्या लाकडाला, कमी. म्हणजे पावसाळ्यात सॉलिड टॉपची चांगली गिटार लॅमिनेटच्या स्वस्त गिटारपुढे मुकी वाटू शकते, आणि जानेवारीत तीच गिटार उमलून येते. एक गिटार एसी शोरूममधली आणि दुसरी मित्राच्या बिनएसीच्या चिऱ्याच्या घरातली, अशी तुलना तर अजिबात विश्वासाची नाही. दोन्ही निदान दोन-तीन दिवस एकाच खोलीत, केसबाहेर राहिल्या पाहिजेत. ते शक्य नसेल तर एकाच दुकानाच्या एकाच भिंतीवरच्या दोन घ्या आणि हायग्रोमीटरचा आकडा वहीत टाका. आणि जमत असेल तर अंतिम निर्णय नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत घ्या.

४. खोली आणि खुर्ची

काच आणि टाइल्सचं शोरूम असेल तर उंच सूर उसळतात आणि प्रत्येक गिटार चकचकीत वाटते. घराच्या बाल्कांवात किंवा पडवीत उघड्यावर बसाल तर आवाज परतच येत नाही आणि छोटी गिटार बिचारी एकटी पडते. पडदा, गादी, पुस्तकं असलेली साधी बसायची खोली सगळ्यात बरी. एकच खुर्ची, एकच जागा, भिंतीकडे तोंड असेल तर दोन्ही वेळा असेल. गिटारची पाठ पोटाला घट्ट दाबून धरलीत तर पाठीचं कंपन मरतं, ती थोडी तिरकी धरा, दोन्ही सारख्याच.

५. वाजवायचं काय आणि ऐकायचं काय

दुकानात लोक आपलं पाठ असलेलं गाणं वाजवतात, त्यातून हात कळतो, गिटार कळत नाही. गाणं शेवटी वाजवा. त्याआधी हा क्रम.

पहिलं, बॉडीचा स्वतःचा सूर शोधा. आपल्या घुमटाचं मागचं तोंड वादक हाताने झाकतो, उघडतो आणि आवाज खालीवर होतो ना, तसंच गिटारच्या आतली हवा आणि साउंडहोल, म्हणजे पुढचं गोल भोक, मिळून एक सूर ठरतो. साउंडहोलजवळ तोंड नेऊन खालच्या पट्टीत ऊकार लावा आणि हळूहळू वर न्या, एका ठिकाणी बॉडी हाताखाली थरथरते, तोच. ट्यूनरवर तो सूर बघा. बाईमाणसांना किंवा उंच पट्टीच्या गळ्याला तेवढं खाली जाणं कठीण, त्यांनी टोन जनरेटरचं ॲप लावून छोटा ब्लूटूथ स्पीकर धरावा, फोनच्या स्पीकरला एवढा खालचा सूर नीट देता येत नाही. ड्रेडनॉटला हा सूर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास सापडतो, छोट्या गिटारींना बहुतेक वेळा त्याहून वर.

याचा अर्थ समजून घ्या कारण छोट्या गिटारचं सगळं व्यक्तिमत्त्व इथे आहे. जाड ई तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा, तो बॉडीच्या सुराच्या बराच खाली पडतो, म्हणून छोटी बॉडी त्याला फार उचलत नाही. पण त्याच तारेचे स्वयंभू स्वर, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, १६५, २४७ हर्ट्झ आणि पुढचे, ती छान उचलते, आणि कान त्यांच्यावरून मूळ सूर स्वतःच भरून काढतो. म्हणून चांगल्या छोट्या गिटारवर खर्ज ऐकू तर येतो पण गुरगुरत नाही, गायकाच्या आवाजाखाली जागा मोकळी राहते. वाईट छोट्या गिटारवर तीच तार नुसती फटफटते. तुम्हाला हा फरक ऐकायचाय, बेस किती आहे हे नाही.

दुसरं, सहाव्या, म्हणजे त्याच जाड ई तारेवर तिसऱ्या ते सहाव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर सारख्या जोराने वाजवा. बॉडीचा सूर जिथे पडतो तिथे एखादा सूर उडी मारून मोठा येतो आणि लवकर विझतो. थोडं होतंच, पण फारच उसळत असेल तर त्या पट्टीतलं प्रत्येक गाणं वाजवताना तो त्रास देणार.

तिसरं, बारीक ई च्या शेजारच्या बी तारेवर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत सरगम. प्रत्येक सुराची लांबी सारखी आहे का, वर गेल्यावर आवाज पातळ होतो की गाभा टिकतो. मला विचाराल तर ही परीक्षा सगळ्यात खरी आहे, कारण बोटांनी वाजवणाऱ्याची सुरावट याच तारेवर राहते.

चौथं, साधा सीचा कॉर्ड एकेक तार करून, मग एकदम. सगळ्या तारा वेगवेगळ्या ऐकू येतायत की एकमेकांत मिसळून लापशी होतेय? छोट्या गिटारचा मोठा गुण म्हणजे हा सुटेपणा.

पाचवं, अगदी हळू. बोटाच्या पेराने स्पर्श केल्यासारखं वाजवा. चांगली छोटी गिटार इतक्या हळू आवाजातही पूर्ण बोलते, मोठीला जागं व्हायला जास्त जोर लागतो. मग हळूहळू जोर वाढवत न्या, पिकने स्ट्रमिंगपर्यंत. एका टप्प्याला आवाज वाढायचा थांबतो आणि नुसता कर्कश होतो, तिथे तिची मर्यादा. ती मर्यादा तुमच्या रोजच्या जोराच्या वर असली म्हणजे झालं. छोट्या गिटारींची मर्यादा लवकर येते हे खरंच आहे, आणि मोकळ्या मैदानात, माइकशिवाय, चारपाच गाणाऱ्यांच्या मागे स्ट्रमिंगच करायचं असेल तर ड्रेडनॉटच घ्या, उगाच छोटीवर अन्याय नको.

वहीत लिहिताना आपले नेहमीचे शब्द लिहा: भरीव, पोकळ, खणखणीत, कोंदट, गोल, टोकदार, सुटा, गच्च. इंटरनेटवरच्या रिव्ह्यूतले शब्द उचलून लिहिलेत तर आठवड्याने तुम्हालाच कळणार नाही काय ऐकलं होतं.

६. रेकॉर्ड करा, पण नीट

टोनची आठवण कानात फार थोडा वेळ ताजी राहते. एक गिटार ठेवून, चहा पिऊन दुसरी वाजवलीत तर तुलना झालीच नाही. म्हणून तोच छोटा तुकडा दोन्हींवर लागोपाठ वाजवा आणि रेकॉर्डही करा.

फोन स्टँडवर, गिटारपासून साधारण ४० सेंटीमीटर, तोंड मान आणि बॉडी जुळते त्या बाजूला. साउंडहोलसमोर ठेवलात तर सगळंच घुमतं. फोनचा कॅमेरा वापरून व्हिडिओ काढू नका, बहुतेक फोन आवाज आपोआप कमी-जास्त करतात आणि हळू-जोराचा फरकच खाऊन टाकतात, असं ॲप घ्या ज्यात लेव्हल स्वतः ठरवता येते आणि फाइल वेव्हमध्ये सेव्ह होते. ऐकताना हेडफोनच, कारण फोनच्या स्पीकरवर पार्लर आणि ड्रेडनॉट जुळ्या बहिणी वाटतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही फाइल्स सारख्या आवाजाला आणा, ऑडॅसिटी नावाचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात होतं. जे जरा जोरात वाजतं ते कानाला जास्त भरलेलं वाटतं, बेसही जास्त आणि चमकही जास्त. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं की कमी आवाजात कान खालचे सूर कमी पकडतो. म्हणजे नुसत्या जोराने फसायला होतं. मग फाइल्सना १, २ अशी नावं द्या, कोणती कुठली हे मित्राला लिहून ठेवू द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न बघता ऐका. आधी ब्रँड दिसला की कान आपोआप त्याच्या बाजूने होतो, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत बघितलंय, चांगले वाजवणारेसुद्धा सुटत नाहीत.

७. समोर बसून ऐका

गिटारचा आवाज पुढे जातो, वाजवणाऱ्याला तो कडेने आणि अंगातून मिळतो. छोट्या गिटारी बऱ्याचदा समोरून जास्त मोठ्या आणि स्पष्ट ऐकू येतात. मित्राला तोच तुकडा दोन्हींवर वाजवू द्या, तुम्ही दोन-तीन मीटरवर बसा, एकदा समोर तोंड करून आणि एकदा पाठ फिरवून. गाणारं कोणी घरात असेल तर त्याला किंवा तिला वर गायला सांगा, आवाज झाकला जातो की उठून दिसतो ते तेव्हाच कळतं. वाजवणारं कोणी ओळखीचं नसेल तर गावातल्या गिटारच्या शिक्षकाला विचारा, चॅपेलमधल्या क्वायरमध्ये, तियात्राच्या बँडमध्ये चांगले वाजवणारे असतात, पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्य संगीत शिकवतात तिथेही विद्यार्थी भेटतील. आपल्याकडे गिटार धरता येणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही.

८. लाकडाबद्दल थोडंच

टॉपचं लाकूड आणि आतले ब्रेस (टॉपला आतून चिकटवलेल्या आधाराच्या पट्ट्या) हे टोनला जास्त कारणीभूत, पाठीचं कमी. सिटका स्प्रूस जोर सहन करतो, सीडार हळू हाताला लगेच उत्तर देतो, महोगनीचा टॉप जरा कोरडा आणि मधल्या सुरांवर भर देणारा. पाठीला महोगनी की शिसवी हा वाद खूप रंगतो. इंडियन रोझवूड म्हणजे आपल्या घाटातलंच शिसवी लाकूड, मार्टिनने १९६९ पासून ते ब्राझिलियन रोझवूडच्या जागी वापरायला घेतलं. पण एकाच लाकडाच्या दोन गिटारी वेगळ्या वाजतात, तेव्हा लाकूड वाचून नाही तर ऐकून ठरवा. सॉलिड टॉप मात्र घ्याच. पाठ-कडा लॅमिनेट असल्या तर गोव्याच्या पावसात उलट सोयीचंच आहे, आणि एसी किंवा डीह्युमिडिफायर नसलेल्या घरात तर मी तेच सुचवीन.

९. पैसे देण्याआधी

ऑनलाइन मागवणार असाल तर परत करायची मुदत आधी वाचा, आणि ती मुदत पावसाळ्यात वाया घालवू नका. दुकानातून घेत असाल तर पक्कं बिल, वॉरंटी कार्ड आणि आतल्या लेबलवरच्या सीरियल नंबरचा फोटो घ्या, आणि जी गिटार वाजवून बघितली तीच घरी न्या. गोदामातला "नवा पीस" नको, टोन त्या एका गिटारचा होता.

सिझन संपत आला की हरमल, मांद्रेच्या बाजूला परदेशी पाहुणे कधी कधी आपली छोटी ट्रॅव्हल गिटार विकून जातात, त्यात चांगल्या वस्तू मिळू शकतात. तिथे एवढं बघाच: लांब पट्टी टॉपवर ठेवून ब्रिजमागे किती पोट आलंय, ब्रिजखाली कागद सरकतो का, साउंडहोलमधून छोटा आरसा आणि टॉर्च घालून कुठला ब्रेस सुटलाय का, मान सरळ आहे का, सॅडल आधीच तासून संपलेलं तर नाही ना. सॅडल संपलेलं आणि ॲक्शन तरी उंच असेल तर मान काढून परत बसवावी लागते, तो खर्च कित्येकदा गिटारच्या किमतीएवढा होतो. अशी गिटार कितीही गोड वाजली तरी दर ठरवताना तो खर्च आधी वजा करा.